ओल्या दगडांची शेकोटी

आधीच सांगते, मी या ग्रुपवर येते ती करमणुकीसाठी. इथले भुताखेतांचे बरेच अनुभव मला पटत नाहीत आणि कमेंटमध्ये मी तसं लिहिलेलंही आहे. सुरगाण्याकडच्या आमच्या पाड्यावर साधा ताप आला तरी आधी भगताकडे नेतात. त्या पाड्यावरून निघून कॉलेज पूर्ण केलेली पहिली मी. बी.एस्सी. केमिस्ट्री, मग इंडस्ट्रियल सेफ्टीचा डिप्लोमा. सातपूरच्या एका कंपनीत सेफ्टी ऑफिसर आहे. अपघात झाला की त्याचं कारण शोधणं हा माझा पोटापाण्याचा धंदा, आणि कारण नसलेला अपघात मी आजपर्यंत पाहिलेला नाही.

या अपघाताचंही कारण मला माहीत आहे. कळत नाही ते दुसरंच...

गेल्या हिवाळ्यात आमच्या डिपार्टमेंटची सहकुटुंब पिकनिक होती. गंगापूर धरणाच्या बॅकवॉटरला, एका सहकाऱ्याच्या मेहुण्याच्या शेतात. शेत थेट पाण्याला लागून, गाड्या मात्र वर रस्त्यावर, द्राक्षबागेच्या पलीकडे लावाव्या लागल्या. माझा धाकटा भाऊ काशिनाथ आमच्याच कंपनीत मेंटेनन्सला आहे, तोही सोबत होता. आई-वडील गावी असतात, इंदिरानगरला आम्ही दोघंच भाड्याने राहतो. त्याला दहावीनंतर मीच इकडे आणला, आयटीआयला घातला.

एचआरच्या मानसी मॅडमनी मुलांसाठी मार्शमॅलोची पाकिटं आणली होती. काशिनाथने एक हातात घेऊन दाबून बघितला.

"ताई, हे काय... उशीतला कापूस?"

"साखर असते. काडीला लावून भाजतात."

"मग गूळ काय वाईट होता?"

शेकोटीचं सगळं मी माझ्याकडे घेतलं. वारा कुठून येतोय ते बघून जागा ठरवली. बाजूला पाण्याच्या आणि वाळूच्या बादल्या ठेवल्या. रॉकेल, डिझेल जवळपाससुद्धा नको म्हणून सांगितलं. नायलॉनची जॅकेटं काढायला लावली, ओढण्या कमरेला बांधायला लावल्या. काशिनाथने वर्कशॉपमधून लांब सळया आणल्या होत्या, त्यांना लाकडी मुठी बसवून. मुलांनी कुठपर्यंत यायचं त्याची मी चुन्याने रेघ मारली. माझा ज्युनिअर आहेर म्हणाला, "मॅडम, हेल्मेट पण वाटून टाका." सगळे हसले. हसू देत — मला सवय आहे.

मुलांना एकच गोष्ट दोनदा बजावली. मार्शमॅलो पेटला तर सळई हलवायची नाही, फुंकायचं. आणि लगेच तोंडात घालायचा नाही. गरम पाण्याचा चटका ओघळून जातो, साखर कातडीला चिकटते.

शेकोटीभोवती मी विटांचे तुकडे रचले आणि फर्स्ट एड किट आणायला गाडीकडे गेले. तेवढ्यात प्लांटमधून फोन आला, एका कॉन्ट्रॅक्टरच्या परमिटवरून वाद चालला होता... मी तिथेच अडकले. सूर्य धरणापलीकडे टेकला होता, अजून चांगलं दिसत होतं.

मागे काय चाललंय ते मला माहीत नव्हतं. विटा फोटोत घाण दिसतात म्हणून आहेरने त्या काढल्या होत्या. पाण्याच्या काठचे छान गोल गुळगुळीत गोटे आणून मांडले होते. आणि आम्ही सेफ्टीवाले ना — गोटे तापू नयेत म्हणून ते आधी बादलीत चांगले भिजवले होते. ओला दगड गरम होणार नाही, मुलांना चटका बसणार नाही, असा हिशेब. आमच्या पाड्यावर नदीचा गोटा कुणी चुलीला लावत नाही. पण काशिनाथ तेव्हा लाकडं फोडत होता, त्याचं लक्ष नव्हतं. मुलांना धीर निघेना म्हणून आहेरने शेकोटी पेटवली.

प्लांटचा फोन संपला आणि काशिनाथचा आला.

"ताई, कुठे राहिलीस? ही पोरं मला भाजून खातील आता."

"आले. डिकी नीट लागत नाहीये. तू त्यांना रेघेच्या मागे..."

माझं वाक्य पूर्ण व्हायच्या आत फोनमधून, त्याच्या मागून कुठून तरी, आवाज आला.

"मागं सरा. समदी मागं सरा. पोरं उचला."

तो माझा आवाज होता.

स्वतःचा आवाज रेकॉर्डिंगमध्ये परका वाटतो, तरी ओळखता येतो. ट्रेनिंगचे व्हिडिओ करते, मला माझा आवाज माहीत आहे. एको म्हणाल तर मी हे शब्द बोललेच नव्हते. आणि "समदी" हा शब्द मी कॉलेजच्या पहिल्या वर्षापासून तोंडातून काढलेला नाही. मुली हसायच्या म्हणून घासून घासून काढून टाकला होता.

काशिनाथ फोनवर म्हणाला, "ताई, तू तर..."

मग फटाका फुटल्यासारखा आवाज झाला. लगेच दुसरा. मग किंकाळ्या.

मी द्राक्षबागेतून धावत खाली गेले. गोट्यांच्या आतलं पाणी तापून वाफ झाली होती आणि दोन गोटे फुटले होते. निखारे पार चुन्याच्या रेघेपलीकडे उडाले होते. तिथे एकही मूल नव्हतं. मोठ्यांनी मुलांना काखोटीला मारून लांब नेलं होतं. एका सळईवरचा मार्शमॅलो जमिनीवर एकटाच जळत होता.

काशिनाथ मात्र होता तिथेच गुडघ्यांवर बसलेला. फोन हातात. डाव्या डोळ्यावर तळहात, बोटांमधून रक्त.

डोळा वाचला नाही. दगडाची कपची खोलवर गेली होती.

हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये मानसी मॅडमनी माझे हात धरले. "तुम्ही ओरडला नसतात तर माझी मुलगी... ती अगदी पुढे होती हो."

"मी वर होते, मॅडम. गाडीपाशी."

"असं काय करता? आम्ही सगळ्यांनी ऐकलं. तुम्ही गावाकडचं बोललात, म्हणून तर घाबरले मी. म्हटलं, ह्या अशा कधी बोलत नाहीत."

आहेरही तेच म्हणाला. तो बिचारा रडत होता. सगळे सांगत होते की आवाज शेकोटीच्या पलीकडून, पाण्याच्या बाजूने आला. कुणी वळून बघितलं नाही. माझा आवाज आला, सगळे मागे सरले. कंपनीत इतकी वर्षं त्यांना हेच तर शिकवलंय मी.

सरला नाही तो एकटा काशिनाथ. कारण मी तिथे नाही, हे त्या घोळक्यात फक्त त्याला माहीत होतं. मी त्याच्या कानाशी बोलत होते. म्हणून त्याने मान वर केली आणि जाळावरून पलीकडे बघितलं... कोण बोलतंय ते.

कंपनीने माझा सत्कार ठरवला होता. मी नाही म्हणून सांगितलं. जे काम मी केलेलं नाही त्याचा नारळ मी घेत नाही.

चौकशी अहवाल मीच लिहिला. कारण, उपाय, सगळं. त्या आवाजाबद्दल त्यात एक ओळ नाही, कारण लिहायचं काय? आई म्हणते भगताला विचार. मी विचारणार नाही. आणि तुमच्यापैकी कुणाकडे उत्तर असेल असंही मला वाटत नाही. तरी लिहितेय, कारण गेल्या रविवारी काशिनाथ पहिल्यांदा त्यावर बोलला. सकाळी चहा घेत होतो. मी विचारलं नव्हतं.

"मी तिला बघितलं, ताई. पाण्यापाशी."

"कुणाला?"

"तुला. पण लय म्हातारी होतीस. केस समदे पांढरे. पोरांकडं बघतच नव्हतीस, माझ्याकडंच बघत होतीस... आणि रडत होतीस."

मी कप खाली ठेवला.

त्याने चहा संपवला. मग उरलेल्या डोळ्याने माझ्याकडे बघत, रागाने नाही, अगदी साधं विचारावं तसं त्याने विचारलं,

"सगळ्यांना मागं सरा म्हणालीस. मला एकदा नावानं का नाही हाक मारलीस?"