चोपन्न पायऱ्यांची पडताळणी

बद्रीनाथ बहिरट वजनमापे निरीक्षक म्हणून निवृत्त झाले. उभी हयात दुकानदारांचे तराजू तपासण्यात गेली. कसबा पेठेत तिसऱ्या मजल्यावर राहतात. लिफ्ट नाही, पायऱ्या चोपन्न, डावा गुडघा झिजलेला. गुडघा सुधारला नाही तर दिवाळीपासून वाघोलीला, मुलाच्या लिफ्टवाल्या फ्लॅटमध्ये जायचं, असं ठरलं होतं. म्हणजे मुलानं, दिग्विजयनं, ठरवलं होतं.

डॉक्टर निशाताईंनी समजावलं : झीज राहणारच. दुखण्याची वर्दी मेंदूला देणाऱ्या बारीक नसा सुईनं तापवून बंद करायच्या. त्याआधी चाचणी म्हणून, त्या नसा काही तास बधिर करणारं इंजेक्शन. "तेवढ्या वेळात नेहमीसारखं हिंडाफिरा आणि दुखणं दहापैकी किती, ते तक्त्यात लिहा. निम्म्यानं उतरलं तरच पुढे जाऊ."

"दहा म्हणजे किती?"

"सहन होणार नाही इतकं."

"कोणाला?"

"तुम्हाला."

बद्रीनाथांनी तक्ता घडी करून खिशात ठेवला. माल ज्याचा, मापही त्याच्याच घरचं, अशी दुकानं त्यांनी बंद करवली होती.

इंजेक्शन घेऊन घरी आल्यावर सून राजनंदिनी म्हणाली, "बाबा, आधी आठ, आता दोन लिहून टाका. कोण तपासायला येतंय?"

या वाक्यावर त्यांनी नोकरीत किती जणांना दंड केला होता, हे तिला माहीत नसावं.

दुसऱ्या दिवशी कोरा तक्ता पाहून डॉक्टर म्हणाल्या, "यावरून मी काय ठरवू?" दिग्विजयनं वाघोलीचा विषय काढायला तोंड उघडलं, तेवढ्यात बद्रीनाथांनी वही पुढे केली. आधीचे आठ दिवस : जिना चढताना सरासरी सहा थांबे. इंजेक्शननंतर तीन फेऱ्या : दोन, एक, दोन. प्रत्येक नोंदीखाली पत्नी यमुनाबाईंची सही.

"मी सही दिल्याशिवाय हे जेवायला बसत नव्हते," यमुनाबाई म्हणाल्या.

डॉक्टरांनी वही दोनदा वाचली आणि नसा तापवायची तारीख दिली.

दिवाळीला दिग्विजयच कसब्यात आला. तोवर वडील दोन थांब्यांत वर येत होते.

"पण नसा पुन्हा वाढतात म्हणे," तो धापा टाकत म्हणाला. "वर्षभरानं परत दुखेल. म्हणजे कायमचं नाहीच."

"काट्यावरच्या शिक्क्यालाही मुदत असते," बद्रीनाथ म्हणाले. वहीत त्यांनी फेरतपासणीची तारीख घातली, आणि खाली लिहिलं : दिग्विजय, वय बेचाळीस, थांबे तीन.