उरल्यास मधू

गळ्यात कॅमेरा अडकवला की माणसाच्या डोक्यातून काहीतरी गळून पडतं, असं माझं ठाम मत आहे. सीताबर्डीवर चाळीस वर्षं फोटो स्टुडिओ चालवला, त्यामुळे असल्या गळालेल्या अकलेचा माझ्याकडे भरपूर साठा झाला. चार मित्र जमले की कोणीतरी म्हणतंच, "तो दादासाहेबांचा सांगा ना!" दादासाहेबांचा एकच असता तर एव्हाना सांगून मोकळा झालो असतो.

तेव्हा साहेबाचं राज्य होतं आणि नागपूर मध्यप्रांताची राजधानी. आमचं एक फोटो मंडळ होतं, ते दर रविवारी सकाळी माझ्या स्टुडिओत भरायचं. जागा माझी, चहा माझा, अक्कल त्यांची! प्रेसिडेंट दादासाहेब, पारशिवनीकडचे मालगुजार, म्हणजे बडे जमीनदार. सेक्रेटरी एक वकीलसाहेब. तिसरे कॉलेजातले प्रोफेसर. या तिघांना सगळं ठाऊक होतं, फक्त फोटो काढता येत नव्हता.

दादासाहेबांचा कॅमेरा जर्मन होता. त्यात रोल भरायचा मी, बाहेर काढायचा मी, धुवायचाही मी. मधल्या वेळात ते खटका दाबायचे आणि तयार फोटोवर झोकात सही करायचे.

*

एका रविवारी प्रेसिडेंटांनी जाहीर केलं, "मी सहा महिन्यांसाठी विलायतेले चाललो. पूर्ण युरोप काढून आणतो!"

टाळ्या झाल्या. मग प्रश्न आला, रोल किती न्यायचे? यावर मंडळानं तीन रविवार खर्ची घातले.

वकीलसाहेबांनी दिवसांना फोटोंनी गुणलं आणि एक ट्रंकभर आकडा काढला. प्रोफेसर म्हणाले, हे शास्त्रीय नाही, रोल देशाच्या क्षेत्रफळाच्या प्रमाणात हवेत. त्या हिशेबानं स्वित्झर्लंडला पाऊण रोल आला.

दादासाहेब खवळले. "पाऊण? अन् डोंगराची उंची कोण मोजीन? तुमचा बाप?"

शेवटी साठ ठरले. का साठ? तर दादासाहेबांच्या कातडी पेटीत साठच मावत होते! हे पहिल्याच रविवारी पेटी उघडून कळलं असतं, पण मग मंडळ कशाला हवं होतं?

मी मुंबईहून साठ रोल मागवले, टिनाच्या डब्यांत, झाकणं हवा शिरणार नाही अशी पक्की झाळलेली.

*

रोल आले त्या रविवारी वकीलसाहेब यादी वाचत होते. आल्प्स वीस. पॅरिस बारा. लंडनचा राजवाडा, पूल, घड्याळ मिळून पंधरा. एवढ्यात दारात टांगा थांबला आणि दादासाहेबांच्या मातोश्री उतरल्या. नऊवारी, कपाळ मोकळं, हातात काठी. त्यांना सगळे माय म्हणत. सारे उभे राहिले. दादासाहेबांनी सिगारेट माझ्या हातात दिली, जणू ती माझीच!

माय बाकावर बसल्या. "वाचा गा वकीलसाहेब. माया मधूच्या वाट्याले किती?"

मधू म्हणजे दादासाहेबांचा धाकटा भाऊ. डॉक्टरकी शिकायला विलायतेला गेला आणि तिथंच मडमेशी लग्न करून राहिला. ते पत्र आलं तेव्हा रागाच्या भरात मायनं उलट टपाली लिहून घेतलं होतं, 'आता मले तोंड नको दाखवू.' पोरगा अकरा वर्षं त्या शब्दाला जागला. ना आला, ना त्यानं फोटो धाडला. आता मायच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता. दिसतंय तोवर एकदा मधूचं तोंड पाहायचं, एवढं एकच त्यांच्या मनात होतं, आणि आमच्या मंडळात हे न कळण्याइतका मूर्ख कोणी नव्हता. निदान मला तसं वाटत होतं.

वकीलसाहेबांनी यादी खालपर्यंत पाहिली, घसा खाकरला. यादीच्या तळाशी, व्हेनिसच्या कबुतरांच्या खाली, प्रेसिडेंटांच्या अक्षरात लिहिलं होतं: 'मधू, उरल्यास.'

वकिली करून करून माणूस इतका निगरगट्ट होतो, की त्यांनी ते मोठ्यानं वाचलं.

माय उठल्या, टेबलावरचा एक डबा उचलला आणि पदरात बांधला. "हा मधूचा. हा माया देवाजवळ राहीन. निघाच्या दिवशी देईन मी."

त्या गेल्यावर दादासाहेब कुरकुरले, "घ्या! कबुतरं गेली."

*

जायच्या आधी मी प्रेसिडेंटांना रोल भरायला शिकवलं. चार दिवस लागले! तेवढ्या दिवसांत शेंबडं पोर पेटी वाजवायला शिकतं.

"सावलीत भरायचा," मी सांगितलं. "आणि फोटो घेताना सूर्य आपल्या पाठीशी."

"सूर्य पाठीशी!" दादासाहेबांनी मांडीवर थाप मारली. "हे बेस सांगितलं बुवा."

तेवढं एकच वाक्य त्यांच्या डोक्यात शिरलं. बाकीच्यांना आत जागा नसावी.

त्यात प्रोफेसरांनी बोट वर केलं. "फिल्मचा खरा शत्रू म्हणजे ओल. समुद्रावरची हवा दमट. ओल धरली की संपलं!" स्वतः ते दहा मैलांवरच्या कामठीच्या पुढे कधी गेले नव्हते.

मी म्हटलं, "डबे झाळलेले आहेत. उघडू नका म्हणजे झालं." पण माझ्याकडे ना डिग्री होती ना मालगुजारी, त्यामुळे ते कोणी ऐकलं नाही.

*

स्टेशनवर निरोपाला हार, पेढे, भाषण असं सगळं झालं. वकीलसाहेब म्हणाले, "युरोपनं आजवर नागपूर पाहिलं नाही, आता पाहील." गार्डानं शिट्टी फुंकली म्हणून सुटलो.

गाडी हलायच्या आत मायनं खिडकीतून एक पुरचुंडी आत दिली. तांबड्या फडक्यात तोच डबा, वर हळदीकुंकू. "हे मधूच्या दारी पोचल्यावरच सोडजो. त्याच्या आंधी हात नको लावू, देवाचं हाये."

देवाचं म्हटल्यावर दादासाहेबांनी ती मुकाट्यानं कोटाच्या आतल्या खिशात घातली. देवाला ते घाबरत. अकलेला मात्र कधी घाबरले नाहीत.

*

मग पत्रं येऊ लागली. मंडळ ती उभं राहून वाचत असे. 'आज बर्फावर सहा रोल फस्त केले. बोट दुखून आले.' 'आज एका मडमेनं विचारलं, आपण कोणत्या राज्याचे राजे?' प्रोफेसरांनी त्यावर 'पौर्वात्य दृष्टीतून आल्प्स' असं व्याख्यान ठरवून टाकलं. एकही फोटो न पाहता! हॉल घेतला, पत्रिका छापल्या, अध्यक्ष म्हणून कमिशनरसाहेबांना बोलावणं गेलं.

*

सहा महिन्यांनी दादासाहेब हॅट घालून परतले. पेटी माझ्या टेबलावर आपटून म्हणाले, "धू!"

डार्करूममध्ये शिरलो, पहिला रोल उलगडला आणि मला सटासट शिंका सुटल्या. अंधारात काही दिसेना, नाक पेटलं, डोळ्यांतून पाणी! रोल धुतला, तर इकडून तिकडून काळाकुट्ट. दुसरा काळा. तिसरा काळा. दहाव्या रोलातून बोटाला काहीतरी टोचलं. बाहेर येऊन उजेडात पाहिलं, तर मिरचीचं बी.

"दादासाहेब, हे काय?"

"ते होय!" ते खुलून हसले. "प्रोफेसरनं ओल म्हटली ना? मंग जायाच्या आंधी सारे डबे फोडले, रोल उलगडले अन् माडीवर भिवापुरी मिरचीसंगं तीन दिवस कडक ऊन दाखवलं! गड्यायनं पुन्हा गुंडाळले, खळीनं चिकटवले. पाह्य, एकालेही बुरशी नाही!"

मी ते बी टेबलावर ठेवलं. मग म्हटलं, "अहो, फिल्मला ऊन दाखवतात का?"

"काहून? फोटो काढल्यावर अंधारात ठेवाव लागते, हे मले मालूम हाये. पण हे तर कोरे होते! कोऱ्या कागदाले उन्हानं काय होते?"

एकोणसाठ रोल आणि अख्खा युरोप, सगळं मिरच्यांबरोबर वाळलं. व्याख्यान मात्र झालं. प्रोफेसर म्हणाले, चित्रांशिवाय कल्पनाशक्तीला वाव मिळतो. कमिशनरसाहेब पहिल्या रांगेत झोपले.

*

राहिली होती तांबड्या फडक्यातली पुरचुंडी. तो रोल देवघरात होता, म्हणून त्याला ऊन लागलं नव्हतं. धुतला. आठच्या आठ फोटो लख्ख! मीही देवाला हात जोडले.

प्रिंट्स काढल्या आणि पाहिलं. पहिल्या फोटोत दादासाहेब मधूच्या फाटकाशी. दुसऱ्यात दादासाहेब गवतावर. तिसऱ्यात दादासाहेब, हातात काठी. आठही फोटोंत दादासाहेब!

"मधू कुठाय?"

"त्यानंच तर काढले. तो म्हणे, तू उभा राह्य, मी काढतो. मले वाटलं, बरं झालं, आपलाही एखादा असावा."

"एखादा?"

"ऊन चांगलं होतं गा. अन् मी त्याले सांगितलं, सूर्य पाठीशी घे!"

ते मात्र त्यानं नीट ऐकलं होतं. सूर्य पाठीशी, त्यामुळे प्रत्येक फोटोत काढणाऱ्याची वाकलेल्या मानेची लांब सावली गवतावरून दादासाहेबांच्या बुटांपर्यंत आलेली. असली सावली आम्ही धंदेवाले कापून टाकतो. कात्री घेतलीसुद्धा. मग म्हटलं, या माणसासाठी कात्रीची धार कशाला घालवू?

दुसऱ्या दिवशी माय आल्या. मी मान खाली घालून आठही फोटो बाकावर मांडले. त्यांनी एकेक डोळ्याजवळ धरला, हॅटवाल्या थोरल्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. शेवटच्या फोटोवर बोट थांबलं.

"हा माया मधू."

"माय, ते सावली हाये नुसती," दादासाहेब म्हणाले. "कॅमेऱ्यात वाकून पाहा लागते..."

"तू चूप राह्य." त्यांनी बोट तसंच ठेवलं. "माया पोटचा हाये, मले नको सांगू." मग माझ्याकडे वळल्या.

"कागद घे गा. आजच लिव त्याले. म्हणाव, माय रागावली नाही. आता मान वर कर."