आखूड मानेची गिटार

लाकडाच्या पॉलिशचा वास आला की मला जालन्यातलं ते वाद्यांचं दुकान आठवतं. सत्तरच्या दशकात आमच्या गावच्या भीमगीतांच्या पार्टीत मी कोरसला गायची. पार्टीसाठी बेस गिटार, म्हणजे खर्जात घुमणारी जाड तारांची गिटार, घ्यायचं ठरलं, तेव्हा ती मीच वाजवणार म्हणून हट्ट धरला आणि मोठ्या भावाबरोबर दुकान गाठलं. तिथे दोनच गिटारी होत्या. एक लांब मानेची, लालभडक. दुसरी आखूड, मातकट. दुकानदार म्हणाला, "लाल घ्या ताई, स्टेजवर उठून दिसते." मलाही तीच हवी होती, पण डाव्या हाताची बोटं मानेच्या टोकापर्यंत पोचेनात. भाऊ हसला, "रंग कुठं वाजतो गं? हात बराबर पुरतो ती घे." मी हिरमुसून आखूड गिटार मांडीवर घेतली. दुकानदारानं ती स्पीकरला जोडली. मी जाड तार छेडली, तर कपाटाच्या काचा थरथरल्या आणि मला हसूच आवरेना. "हीच घ्यायची!" मी म्हणाले. जयंतीला मी स्टेजवर वाजवू लागले, तशी पुढे बसलेली माय छातीवर हात ठेवून शेजारणीला ओरडून म्हणाली, "अगं, माझी लेक इथं छातीत वाजून राह्यली!" आज नातीला हे सांगतानाही माझा हात आपसूक छातीवर जातो.