शरणम्माबाईंची दोन उत्तरं

होटगी रस्त्यानं आम्ही निम्म्याहून जास्त परत आलो, तरी शरणम्माबाईंच्या चपलांची चिकणमाती सुटत नव्हती. आमच्या ह्यांच्या साहेबांच्या नव्या प्लॉटाशेजारी पडकी विहीर आहे. तिच्या पायऱ्या उतरून बाईंनी तळापर्यंत बघितलं होतं. नुसती चिकणमाती, पाण्याचा टिपूस नाही.

बाई माझ्या शाळेत गणित शिकवायच्या. त्याआधी, बहात्तरच्या दुष्काळात, त्या पाणी शोधणाऱ्या कचेरीत होत्या. जमिनीत वीज सोडून वर मोजमाप घ्यायचं आणि खाली काय आहे ते त्यावरून काढायचं. त्याला सरळ सूत्र नाही. आधी थरांचा अंदाज धरायचा, त्यावरून रेघ काढायची, मोजलेल्या रेघेशी ताडायची, अंदाज बदलायचा, पुन्हा रेघ. जुळेपर्यंत.

"अन् जुळली म्हणजे खरी, असंही न्हाय," त्या म्हणाल्या. "जाड मुरमात पाणी असलं काय, पातळ चिकणमाती असली काय, रेघ एकच येती. शेजारची विहीर बघावीच लागती."

दुष्काळात वळसंग गावी बाईंनी हेच सांगितलं होतं. तेव्हा त्यांचे वरिष्ठ असलेल्या याच साहेबांनी शेजारची विहीर न बघता खाली पाणीच आहे असं धरलं आणि खणायला लावलं. विहीर कोरडी निघाली. तेव्हा साहेब गावासमोर म्हणाले, "बाईची आकडेमोड चुकली." फुलाबाई नावाच्या म्हातारीनं रिकामी घागर बाईंच्या पायाशी आपटली. नोकरी गेली, त्याचं बाई कधी बोलल्या नाहीत. घागरीचं मात्र बोलायच्या.

आता साहेबांना स्वतःच्या बंगल्यासाठी विहीर हवी होती. बाईंची आकडेमोड चुकली नव्हती, हे त्यांना ठाऊक होतंच. आमचे हे त्यांच्याच कचेरीत, म्हणून मोजमापाचा कागद माझ्या हातून बाईंकडे आला.

"खोटं सांगणार?" मी विचारलं.

"गळ्यात इष्टलिंग हाय माझ्या, खोटं न्हाय बोलणार. दोन्ही उत्तरं देते. शेजारची विहीर बघा, हेही सांगते."

"मग सूड कसला?"

"तो बघणार न्हाय की." त्या हसल्या. "माझं ऐकून पडक्या विहिरीत वाकंल व्हय तो? पाणीच धरणार. सगळ्या कचेरीला जेवायला बोलावणार, अन् त्यांच्यादेखत कुदळ मारणार. मारू दे."

मी मनात सिद्धेश्वराचं नाव घेतलं. साहेबांना हात जोडून समजवावं, असं मला वाटत होतं, आणि ते माझ्या तोंडावर दिसलं असावं. बाई थांबल्या. दगडावर चपला खरवडल्या.

"एवढं करा माझ्यासाठी. निरोप जसाच्या तसा द्या. पण एकदाच. दुसऱ्यांदा सांगू नका."