मामीचं वाईच लांबचं माहेर

निवडणुकीसाठीच जन्माला आलेली आमच्या मामीसारखी बाई अख्ख्या खंडाळा तालुक्यात दुसरी सापडणार नाही; फक्त ती जन्माला आली फिलिपिन्समध्ये, एवढीच काय ती गैरसोय. मामा बोटीवर आचारी होता. सुट्टीवर येताना घड्याळ, रेडिओ असं काहीबाही घेऊन यायचा, एकदा मामीला घेऊन आला. तिचे वडील तिकडच्या गावचे प्रमुख, म्हणजे आपले सरपंचच म्हणा. त्यामुळे भाषण ठोकणं आणि कुणाच्याही घरात शिरून चौकशी करणं तिच्या रक्तातच होतं. मराठी ती शिकली शेतात बायकांबरोबर भांगलताना. पुढे तहसीलदार गावात आले, तेव्हा हिनं "आवं सायेब, लय ऊन हाय, आदी पानी प्या," म्हणून तांब्या पुढं केला आणि ते बिचारे तांब्या धरून तिच्या तोंडाकडे बघतच राहिले.

माहेरच्या रीती मात्र तिनं सोडल्या नाहीत. आपण थोरल्यांच्या पाया पडतो. ती त्यांचा हात धरून स्वतःच्या कपाळाला लावते. पहिल्यांदा आमच्या आजोबांनी दचकून हात मागं घेतला होता. पण हळूहळू गावातली म्हातारी मंडळी मामी दिसली की काठी डाव्या हातात घेऊन उजवा मोकळा ठेवायला लागली. शिवाय ती दिशा दाखवते ओठांनी. ग्रामसेवक कुठं गेले विचारलं, की ओठ पुढं काढून दाराकडं करायची. गावातल्या निम्म्या पोरांना आता बोट वापरायचं माहीतच नाही.

सरपंचपद बायकांसाठी राखीव झालं, तोवर मामी कागदोपत्रीही भारतीय झाली होती, आणि ती उभी राहिली. विरोधकांनी भर सभेत काढलं, ही बाहेरची बाई. मामी शांतपणे माईकपाशी गेली. "गावातल्या समद्या सुना बाहेरनंच आल्यात की! तुमच्या आईचं म्हायेर कुटलं? माजं वाईच लांब हाय, येवडंच." सगळ्या सुनांनी तिला मतं दिली, आणि सासवांनीसुद्धा, कारण त्याही कधीतरी बाहेरूनच आल्या होत्या.

संक्रांतीला तिनं ग्रामपंचायतीत हळदीकुंकू ठेवलं. माझे वडील गेल्यावर आई आम्हाला घेऊन मामाच्या शेजारी राहायला आली होती. हळदीकुंकवाला तिला बोलावणं असायचं ते तिळगूळ भरायला. मग ती दाराशी बसायची आणि कुंकवाचं ताट तिला ओलांडून पुढं जायचं. त्या दिवशीही ती दाराशीच होती. मामी ताट घेऊन उभी राहिली आणि ओठ पुढं काढून तिला पहिली खुर्ची दाखवली. आई उठेना, तेव्हा स्वतःच तिच्यापाशी आली.

"अगं, मला न्हाई लावत कुनी," आई पुटपुटली.

"म्हाईत हाय, आक्का. आमच्याकडं थोरल्यापास्नं सुरू करत्यात. आमच्या घरात तुमी थोरल्या."

तिनं आईचा हात कपाळाला लावला आणि मग आईच्या कपाळावर कुंकू. मग कोपऱ्यातली एक विधवा आजी उठली आणि हात पुढं करून मामीसमोर येऊन उभी राहिली.

काही जणी अजून म्हणतात, मामीला आपली रीत कळली नाही, चूक झाली. होऊ दे. अशी चूक आमच्यापैकी कुणालाच करता आली नव्हती. मी तिचा फार ऋणी आहे, आणि तसं बोलायला गेलो की ती "च्या घे" म्हणून विषय मोडायची.

पुढच्या खेपेला आरक्षण बदललं. मामीनं हसत नव्या सरपंचाच्या हाती किल्ल्या दिल्या आणि आपल्या आजारी आईजवळ माहेरी गेली, ती अजून आलेली नाही. शनिवारी मी शिरवळच्या कारखान्यातून घरी आलो, पाया पडायला वाकलो, तर आईनं हातच पुढं केला. कपाळावर बारीकसं कुंकू होतं. मी तो हात कपाळाला लावला. मग तिनं ओठ पुढं काढून मामीच्या घराकडं दाखवलं.

"कवा येती रं ती?"