शेवटच्या पंपाचं व्होल्टेज

मी ऑफिसात नक्की काय करते, हे आमच्या गावी, निमोण्यात, कुणालाच नीट कळलेलं नाही. पुण्यातली एक धोरण-अभ्यास संस्था, तिच्यातला ऊर्जेचा विभाग, त्या विभागाचे परदेशांबरोबर चालणारे कार्यक्रम, आणि त्या कार्यक्रमांच्या प्रमुख म्हणजे आमच्या मॅडम. एवढं सगळं पारावर सांगायचं कसं? वडील सरळ सांगतात, "पोरगी लाईटीच्या हापिसात हाय." त्यामुळे कुणाची तार तुटली, कुणाची डीपी जळाली की फोन मला. आधी मी जाम चिडायचे. आता वायरमनचा नंबर पाठ आहे, तो सांगते आणि मोकळी होते.

मॅडमचं काम मात्र मी जवळून पाहिलं. चार देशांची ऊर्जा खाती त्यांनी एका प्रश्नावर एकत्र बसवली होती: शेतीला दिवसा, भरवशाची वीज कशी द्यायची. प्रत्येकाला वाटायचं, आपलं दुखणं जगावेगळं. मॅडम सगळ्यांचं ऐकून घ्यायच्या, मग एकाची अडचण दुसऱ्याच्या कानावर घालायच्या. महिनाभरात ते दोघं परस्पर बोलायला लागलेले असायचे आणि मॅडम हळूच बाजूला झालेल्या असायच्या. मी एकदा त्यांच्यासारखं करायला गेले, तर दोन देशांनी एकमेकांना मेल करणंच बंद केलं. ते निस्तरायलाही मॅडमच लागल्या. त्यावर त्या मला एक शब्द बोलल्या नाहीत, आणि याचाच मला जास्त राग आला.

मसुदा त्या शेवटच्या पानापासून वाचायच्या. म्हणायच्या, "सुरुवात सगळेच नीट लिहितात गं. दमल्यावर माणूस काय लिहितो ते बघावं." विजेच्या तारेकडेही त्यांची नजर तशीच होती. डीपीजवळच्या, म्हणजे ट्रान्सफॉर्मरजवळच्या, पंपाला वीज चांगलीच मिळते. ओळीतल्या शेवटच्या पंपापर्यंत ती किती दमून पोचते, हे कुणी मोजत नाही. ते आम्ही मोजायचं ठरवलं. शिरूर-दौंड भाग माझ्याकडे आला, कारण मी इथली.

न्हावरे माझं आजोळ. मामाची विहिरीवरची मोटार ओळीत सगळ्यात शेवटी, म्हणजे आयतीच सोय. दर महिन्याला मी आदल्या दिवशी फोन करायचे, "मामा, उद्या येतेय." एसटीने उतरायचे, मामीच्या हातची भाकरी खायचे, मग विहिरीवर मीटर लावून व्होल्टेजचा आकडा घ्यायचे. गावात सोलरची वीज दिवसा येऊ लागली होती आणि मामाच्या पंपावर व्होल्टेज कायम भरपूर. बाकी गावांत काटा खालीवर नाचायचा, न्हावऱ्यात मात्र बघत राहावा असा. मी आजोळचा तोरा मिरवत ऑफिसात सांगायचे, "बघा, आमच्याकडे कसं असतं!" दोन वर्षांच्या त्या आकड्यांवर अहवालातलं एक मोठं प्रकरण उभं राहिलं. मॅडमनी मला कितीतरी प्रश्न विचारले, मी सगळ्यांना ठासून उत्तरं दिली. त्याच प्रकरणाच्या जोरावर चार देश एका संयुक्त शिफारशीवर सह्या करणार होते. मॅडमची सात वर्षांची मेहनत त्या कागदात होती.

सह्यांच्या दिवशी सकाळी पाहुण्यांना न्हावऱ्यात आणायचं आणि दुपारी दौंडच्या एका मंगल कार्यालयात सभा, असं ठरलं. दुभाषी मीच. मामाने विहिरीपाशी मांडव घातला होता. पाहुण्यांनी उसाचा रस घेतला, फोटो काढले, मी मीटर लावलं. काटा दिमाखात उभा. पूर्व आफ्रिकेतल्या एका देशाचे उंचेपुरे इंजिनिअर वाकून वाकून बघत होते. मला आभाळ ठेंगणं झालं होतं.

मॅडमची एक पद्धत होती. निघायच्या आधी त्या घरातल्या बाईजवळ जाऊन बसायच्या आणि विचारायच्या, "आम्ही गेल्यावर तुम्ही काय करणार?" बस्स, एवढंच. मला तो प्रश्न रिकामटेकडा वाटायचा.

त्यांनी तो मामीला विचारला. मामी हसून म्हणाली, "काय करणार बाई? मोटारी चालू करणार की. सकाळधरनं समद्या बंद हायेत."

"सगळ्यांच्या?"

"व्हय तर! ही यायची म्हणली की डीपीवरली समदी आपापल्या मोटारी बंद ठिवत्यात. भाचीचा काटा पडाया नको. आन् आज तर तुम्ही पावणे."

मी मीटरकडे पाहिलं. ओळीवर एकटी मामाची मोटार चालू असेल तर व्होल्टेज कशाला पडेल? माझा फोन आला की मामा ओळीवरच्या सगळ्यांना सांगायचा. अख्खं न्हावरं माझा मामा, आणि मामाच्या गावात भाचीचा आकडा कमी दिसणं म्हणजे गावाची नाचक्की. दोन वर्षं मी विजेचं व्होल्टेज मोजतच नव्हते. मी माझे लाड मोजत होते.

ते इंजिनिअर माझ्याकडे वळले. ताई काय म्हणाल्या, त्यांनी विचारलं.

मी खोटं बोलले. म्हणाले, "आम्ही गेल्यावर शेतातलं काम पुढे सुरू करणार, म्हणतात." हे लिहितानाही कान तापतात. पाहुण्यांपैकी कुणालाही मराठी येत नव्हती. मामीला इंग्रजी येत नव्हती. मधे फक्त मॅडम होत्या. त्या गप्प राहिल्या असत्या तर दुपारी सह्या झाल्या असत्या आणि कुणाला कधीच काही कळलं नसतं.

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. मग उठल्या आणि पाहुण्यांना म्हणाल्या की भाषांतर अर्धंच झालंय, उरलेलं मी करते. त्यांनी मामीचं बोलणं शब्दाला शब्द ठेवून सांगितलं. मग म्हणाल्या की, आधी कळवून आकडे घ्यायची पद्धत मी मंजूर केली होती, ही चूक माझी आहे. त्यांनी माझं नावही काढलं नाही. मग मामाकडे वळून अगदी साधेपणाने म्हणाल्या, "मामा, सगळ्यांना मोटारी चालू करायला सांगता का? नेहमीसारख्या."

मामा कानकोंडा झाला, पण त्याने फोन फिरवले. एकेक मोटार सुरू होत गेली आणि काटा खाली यायला लागला. शेवटी मामाची मोटार घरघरायला लागली तेव्हा कमी व्होल्टेजने जळू नये म्हणून त्याने घाईने ती बंदच केली. मग ते इंजिनिअर मोठ्याने हसले आणि म्हणाले की, आमच्याकडे साहेब येणार म्हटलं की गाव रस्ता झाडून ठेवतं, आणि आम्ही अहवालात लिहितो, रस्ते स्वच्छ आहेत. बाकीचेही हसले. मला मात्र हसू आलं नाही.

दौंडच्या कार्यालयात स्टेजवर नवरा-नवरीच्या मखमली खुर्च्या तशाच होत्या. एकीवर परदेशी सचिव बसले होते, दुसरीवर बसायला कुणी धजेना. मॅडमनी उभ्या उभ्याच सांगितलं की ते प्रकरण मी मागे घेते, सह्या आज होणार नाहीत. एक सचिव चांगलेच तापले. मॅडमनी त्यांचं सगळं ऐकून घेतलं, त्यांना चहा स्वतः नेऊन दिला, आणि शब्द मात्र एकही बदलला नाही. मी खूप हुशार माणसं पाहिलीत. हातातोंडाशी आलेला घास असा शांतपणे खाली ठेवणारं माणूस मी तेवढं एकच पाहिलं. पुढे सह्या झाल्या, वर्षभराने, आणि न कळवता मोजावं हे त्या कागदात पहिलंच कलम होतं. पण त्या दिवशी असं होईल, हे कुणाला माहीत होतं?

परतताना गाडीत मी म्हटलं, "मॅडम, मी राजीनामा देते."

"खोटं बोललीस म्हणून, की आकडे चुकले म्हणून?"

"दोन्हीसाठी."

"पहिल्यासाठी मला राग आलाय, तो जाईल हळूहळू. दुसऱ्यासाठी न्हावऱ्याला जाऊन ये. फोन न करता."

पुढच्याच आठवड्यात गेले. स्टँडवरून कुणाच्या तरी बाईकवर बसून थेट विहिरीवर. मला बघताच मामाने खिशातला फोन काढला.

"थांब पोरी, समद्यांना बंद कराया सांगतो. काटा पार खाली हाय."

"नको मामा. असू द्या तसाच."

"अगं, तुझ्या मॅडम बोलतील तुला! त्या दिशी आमच्यापायी तुझी शोभा झाली."

तेव्हा मला कळलं की मामाला तो काटा माझे मार्क वाटत होते. मी त्याला सांगितलं, काटा खाली गेला म्हणून मी नापास होत नाही. तो खाली जातो का, हेच बघायला मला पाठवलंय. मामाने फोन खिशात ठेवला आणि वाकून मीटर बघितलं.

"म्हंजी," तो म्हणाला, "ह्या दोन वर्सांत माझी मोटार दोनदा जळाली. तुझ्या कामाला बट्टा लागंल म्हून तुला बोललो न्हाई. मग ते कुणाला सांगायचं व्हतं गं?"

"मला, मामा," मी म्हटलं. "मलाच सांगायचं होतं."