चादरीवरचा डाग

ऑपरेशन थिएटरच्या चादरी धुणाऱ्या मावशी भारी तिखट. हल्ली चादरींवर रक्त कमी दिसू लागलं, तेव्हा रक्तानं जास्त भरलेल्या, म्हणजे जास्त मजुरीच्या चादरी दुसऱ्याच कुणाकडे जातात असा संशय घेऊन त्या थेट सिस्टरशी भांडायला गेल्या.

सिस्टर हसल्या. "सगळ्या चादरी तुमच्याकडेच येतात, मावशी. आता सुरी लावण्याआधी एक इंजेक्शन देतात, त्यानं रक्त कमी जातं."

मावशींनी नाक मुरडलं.

मग त्यांच्या नवऱ्याचंच पोटाचं ऑपरेशन निघालं. घरातलं पाण्याचं भांडंही बसल्या जागी मागणारा माणूस, त्यावरून मावशी रोज करवादायच्या; पण त्या दिवशी त्यांचा जीव थाऱ्यावर नव्हता. "सगळं नीट झालं," असं डॉक्टर सांगून गेले, तरी त्यांना पटेना. त्या धुण्याच्या खोलीत जाऊन बसल्या. नवऱ्याच्या ऑपरेशनचं गाठोडं आलं तशी त्यांनी त्यातली चादर ओढून उलगडली. डाग जेमतेम तळहाताएवढा होता. गार पाण्यात चोळताच तोही गेला.

दारातून सिस्टरनी विचारलं, "पटलं ना आता इंजेक्शन?"

मावशींनी चादर पिळली, झटकली आणि उन्हात सगळ्यांच्या पुढे वाळत घातली.

"इंजेक्शन कसलं," त्या म्हणाल्या. "ह्यांच्या रक्तालासुद्धा उठून बाहेर जायचा कंटाळा."